मूस कोणाचा कोण लागतो?

ब्रिटनमधला माणूस ज्याला ‘एल्क’ म्हणतो, त्याच प्राण्याला कॅनडातला माणूस ‘मूस’ म्हणतो. इथवर ठीक आहे. पण कॅनडातला माणूस ‘एल्क’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात भलताच प्राणी असतो, ज्याचं दुसरं नाव वापिटी. म्हणजे एक प्राणी, नावं दोन. आणि त्यातलं एक नाव पुन्हा दुसऱ्याच प्राण्याच्या गळ्यात.

हा घोळ झाला तो असा. इंग्लंडमधून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांना ‘एल्क’ हा शब्द ऐकून ठाऊक होता, पण तो प्राणी त्यांच्यापैकी फारशा कुणी पाहिलेला नव्हता. ब्रिटनमधून तो हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. नव्या भूमीवर एक थोराड हरीण दिसलं, आणि त्यांनी त्याला एल्क म्हणून टाकलं. खरा एल्क समोर आला तोवर नाव देऊन झालं होतं. मग त्याला तिथल्या अल्गॉन्क्वियन भाषांमधला शब्द चिकटला, मूस. त्याचा अर्थ साधारण ‘साल ओरबाडून खाणारा’. नाव मोठं चपखल आहे, कारण हिवाळ्यात हा प्राणी तेच करतो.

शास्त्रज्ञांनाही तो कुठे बसवायचा हे लगेच सुचलं नव्हतं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला लाल हरणाच्याच प्रजातीत, म्हणजे सर्व्हसमध्ये टाकलं. पुढे 1821 मध्ये जॉन एडवर्ड ग्रे याने त्याच्यासाठी ‘अल्सेस’ ही स्वतंत्र प्रजाती केली. अल्सेस हे या प्राण्याचं जुनं लॅटिन नाव. ज्युलियस सीझरनेही ते वापरलंय, आणि सोबत ठोकून दिलंय की या प्राण्याच्या पायांना सांधेच नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो. शिकारी ते झाड आधीच अर्धवट कापून ठेवतात, प्राणी टेकला की झाडासकट आडवा! सीझरला हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण सांगणाऱ्याने मजा घेतली असणार.

पुढे जाण्याआधी तीन शब्द स्पष्ट करून घेऊ. कुळ म्हणजे सगळी भावकी. प्रजाती म्हणजे त्या भावकीतलं एक घर. जाती म्हणजे त्या घरात राहणारं माणूस. हरणांच्या भावकीत, सर्व्हिडी कुळात, आज पन्नासहून जास्त जाती आहेत. अल्सेस या घरात मात्र एकटा मूस राहतो. तो एकच आहे की दोन, यावर वाद आहे. त्याकडे शेवटी येतो.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची. मराठीतला ‘हरीण’ हा शब्द फार उदार आहे. काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर, सगळ्यांना तो सामावून घेतो. पण काळवीट आणि चिंकारा हे गाई-बकऱ्यांच्या कुळातले. त्यांची शिंगं आयुष्यभर टिकतात: आत हाड, वर नखासारख्या पदार्थाचं पोकळ आवरण, आणि फांद्या नाहीत. चितळ, सांबर आणि मूस यांची शिंगं म्हणजे नुसतं भरीव हाड, बहुतेकांत फांद्या फुटलेलं, दरवर्षी गळणारं आणि दरवर्षी नव्याने उगवणारं. ती फक्त नरांना येतात. अपवाद रेनडिअरचा, तिथे माद्यांनाही शिंगं असतात. या लेखात हरीण म्हणजे हे दुसरे.

मूस हे आज जिवंत असलेलं सगळ्यात मोठं हरीण. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर खांद्याशी दोन मीटर उंच आणि सहाशे किलोच्या पुढे सहज जातो. कळपात राहत नाही, आपला आपण असतो. नॉर्वे-स्वीडनपासून रशियाच्या पार पूर्व टोकापर्यंत आणि पुढे अलास्का, कॅनडा, अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत, जिथे सूचीपर्णी जंगलं, दलदल आणि बर्फ आहे तिथे तो आहे.

त्याचं रूप पहिल्यांदा पाहिलं तर वाटतं, वेगवेगळ्या प्राण्यांचे उरलेले भाग जोडून हा बनवलाय. पाय इतके लांब की कमरेएवढ्या बर्फातूनही तो चालत जातो. मान त्या मानाने आखूड, त्यामुळे जमिनीलगतचं काही खायचं तर पुढचे पाय फाकवावे लागतात किंवा चक्क गुडघे टेकावे लागतात. गळ्याखाली कातडीचा एक लोंबता पदर. आणि नाक! वरचा ओठ आणि नाक मिळून खाली झुकलेलं एक मांसल बोंडच. कवटी पाहिली तर कळतं की नाकाची हाडं अगदी तोकडी आहेत. पुढचा सगळा भाग मऊ आणि हलता, फांदीवरची पानं ओरबाडायला सोयीचा.

हे नाक पाण्यात काय करतं ते पाहण्यासारखं आहे. उन्हाळ्यात मूस तळ्यात उतरतो, डोकं पूर्ण बुडवतो आणि तळाच्या वनस्पती उपटून वर येतो. कानांतून पाणी गळत असतं, तोंडातून हिरव्या दोऱ्या लोंबत असतात. डोकं पाण्याखाली गेलं की नाकपुड्या बंद होतात. पाच मीटरहून खोल बुडी मारल्याच्याही नोंदी आहेत. एवढा खटाटोप मिठासाठी. झाडपाल्यात सोडियम फार कमी असतं, पाणवनस्पतींमध्ये ते भरपूर मिळतं. हिवाळ्यात तळी गोठली की हेच मूस रस्त्यावरचं बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ चाटायला येतात, आणि मग गाड्यांशी गाठ पडते.

आता शिंगं. मूसची आठवण राहते ती यांच्यामुळेच, आणि त्याच्या नात्यांबद्दल फसगत होते तीही यांच्यामुळेच.

वसंतात नराच्या डोक्यावर दोन गुबगुबीत कोंब येतात. त्यांच्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, आत रक्तवाहिन्या धो धो वाहत असतात, हात लावला तर ऊब लागेल. चार-पाच महिन्यांत त्याचं दोन पसरट तळहातांसारखं प्रचंड बांधकाम होतं. मोठ्या नराच्या शिंगांचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर दोन मीटरच्या आसपास जातं आणि जोडीचं वजन तीस किलोच्या घरात. इतकं हाड इतक्या थोड्या दिवसांत खाण्यातून उभं करणं जमत नाही, म्हणून शरीर बरगड्यांसारख्या हाडांतून खनिजं उसनी काढतं आणि पुढे सावकाश फेडतं. उन्हाळा सरता सरता मखमल सुकते, नर झाडाझुडपांवर घासून ती फाडतो, काही दिवस रक्ताळलेल्या चिंध्या लोंबत राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माजाचा काळ. तो संपला की हिवाळ्यात दोन्ही शिंगं गळून पडतात आणि जंगलातले उंदीर ती कुरतडून खातात.

या पसरट शिंगांचा एक उपयोग झुंजी आणि मिरवणं यापलीकडचा निघाला. मूसचा नर दूरवरून येणारी मादीची हाक फार नेमकी हेरतो. जॉर्ज आणि पीटर ब्युबेनिक यांनी 2008 मध्ये दाखवलं की शिंगांचा खोलगट तळवा आवाज परतवून कानाकडे वळवतो. आपण कानामागे पंजा धरतो, तसं.

तर अशी ही ठसठशीत शिंगं. साहजिकच वाटतं की पसरट शिंगं असलेलं दुसरं हरीण दिसलं तर ते मूसचं जवळचं असणार. इथेच पाय घसरतो.

आयर्लंडच्या दलदलींत एका नामशेष हरणाचे सांगाडे सापडतात, मेगालोसेरॉस. त्याची पसरट शिंगं साडेतीन मीटरपर्यंत फाकलेली. लोकांनी त्याला ‘आयरिश एल्क’ म्हटलं, म्हणजे आयर्लंडचा मूस. खरं तर तो फक्त आयर्लंडचा नव्हता, पार सैबेरियापर्यंत पसरलेला होता. आणि मूसही नव्हता. 2005 मध्ये त्याच्या हाडांतला डीएनए तपासला गेला तेव्हा आजच्या हरणांतला त्याचा सगळ्यात जवळचा नातलग निघाला फॅलो डिअर, उद्यानांत दिसणारं ठिपक्याठिपक्यांचं मध्यम चणीचं हरीण. पसरट शिंगं दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी तयार झाली होती.

शिंगांना नातं सांगता येत नाही याला कारण आहे. शिंगांवर माद्यांची नजर असते, प्रतिस्पर्ध्यांची टक्कर असते. ज्या गोष्टीवर वंश चालणं-न चालणं अवलंबून आहे ती भराभर बदलते, आणि दोन परक्या घराण्यांतही एकाच वळणावर जाऊ शकते. खूण शोधायची तर अशा जागी शोधायला हवी, जिच्याकडे कुठली मादी ढुंकूनही पाहत नाही.

शिंगांच्या बेभरवशी साक्षीचा एक किस्सा इतिहासातही आहे. अठराव्या शतकात बुफाँ हा नामवंत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ म्हणत असे की अमेरिकेची हवा थंड आणि दमट, म्हणून तिथले प्राणी खुजे आणि रोडावलेले. पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून राहणाऱ्या थॉमस जेफरसनला हे झोंबलं. त्याने न्यू हॅम्पशरच्या जॉन सलिव्हनला गळ घातली, की एक जंगी मूस धाडून दे. भर हिवाळ्यात मूस मारला गेला, बर्फातून ओढून आणला गेला, आणि 1787 च्या शरदात तो जहाजाने पॅरिसला पोहोचला तेव्हा अंगावरचे केस बरेचसे झडलेले होते. स्वतःची शिंगं तर त्याला नव्हतीच. सलिव्हनने दुसऱ्या हरणांची शिंगं सोबत दिली होती आणि कळवलं होतं की ही याची नव्हेत, पण हवी तर बसवून घ्या. बुफाँ पुढच्याच वर्षी वारला, वाद तिथेच राहिला. मला यात गंमत वाटते ती ही, की मूसची ओळख पटवायला गेलेला मूस परक्या शिंगांनिशी गेला.

मग खरी खूण कुठे? ती पुढच्या पायात आहे, आणि ती समजून घ्यायला आपला हात पुरेसा आहे.

हात समोर धरा, बोटं खाली करून. अंगठा विसरा, हरणाच्या पायात तो उरलेलाच नाही. मधलं बोट आणि अनामिका, या दोघांच्या नखांवर सगळा भार टाकून उभे आहात अशी कल्पना करा. हेच हरणाचे दोन खूर. या दोन बोटांमागची तळहातातली हाडं हरणात लांब होऊन एकमेकांत मिसळली आहेत आणि त्यांचा एकच दांडा झाला आहे. आता राहिली तर्जनी आणि करंगळी. ती दोन्ही आक्रसून खुरांच्या मागे वरच्या बाजूला लटकतात. चिखलात खोल पाऊल उमटलं तर त्यांचे दोन ठिपके मागे दिसतात.

या आक्रसलेल्या बोटांमागेही तळहातात एकेक हाड होतं. ते झिजत झिजत गेलं, पण पूर्ण गेलं नाही. त्याची एक काडी शिल्लक राहिली. प्रश्न एवढाच: काडी कुठल्या टोकाला राहिली? मनगटाकडे, की बोटाकडे?

काही हरणांत ती मनगटाकडे राहिली आणि बोटाकडचा भाग विरला. काहींत नेमकं उलट. सर व्हिक्टर ब्रूक यांनी 1878 मध्ये हा भेद मांडला आणि त्यावरून हरणांचे दोन भाग पाडले. इतक्या क्षुल्लक काडीवर अख्खी भावकी विभागायची, हे ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण शंभरहून जास्त वर्षांनी डीएनएचे अभ्यास आले आणि त्यांनी जवळपास हीच वाटणी कायम केली. या दोन शाखा फुटून एक कोटीहून जास्त वर्षं झाली आहेत.

मनगटवाल्यांचं उपकुळ सर्व्हिनी. त्यात सांबर, चितळ, बारशिंगा, भेकर, लाल हरीण, फॅलो डिअर, मेगालोसेरॉस आणि वापिटी. बोटवाल्यांचं उपकुळ कॅप्रिओलिनी. त्यात मूस, रेनडिअर, युरोपातलं रो डिअर, अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि दक्षिण अमेरिकेतली बरीच लहानमोठी हरणं.

सुरुवातीचा नावांचा घोळ आता पुन्हा आठवून पाहा. वापिटी आणि मूस, ज्या दोघांना इंग्रजीने ‘एल्क’ या एकाच नावात कोंबलं, ते या मोठ्या फटीच्या दोन बाजूंना उभे आहेत. हरणांच्या कुळात याहून लांबचं नातं असूच शकत नाही. वापिटीला सांबर जवळचं, मूस नाही.

कॅप्रिओलिनीची घरं पाहिली तर मूसचे भाऊबंद किती विजोड आहेत ते कळतं. रो डिअर वीस-तीस किलोंचं, मूसच्या पोटाखालून न वाकता निघून जाईल. अँडीज पर्वतातलं उत्तरेचं पुडू हे जगातलं सगळ्यात चिमुकलं हरीण, जेमतेम पाच-सहा किलोंचं, शिंगं म्हणजे दोन साधी टोकं. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान हरीण एकाच उपकुळात! चीन आणि कोरियातलं पाणहरीण तर त्याहून विचित्र. त्याला शिंगं मुळीच येत नाहीत, त्याऐवजी नराच्या तोंडातून दोन सुळे बाहेर डोकावतात. शिंगं नाहीत म्हणून बरीच वर्षं त्याला वेगळ्या उपकुळात बसवलं जायचं. डीएनएने त्याला रो डिअरच्या शेजारी आणून ठेवलं. पुन्हा शिंगांनीच दिशाभूल केली, या वेळी नसण्याने.

उपकुळाच्या आत तीन गट मानतात. एक मूसचा, एक रो डिअर आणि पाणहरणाचा, आणि तिसरा रेनडिअर व अमेरिकी हरणांचा. कवटीतही याची एक खूण आहे: तिसऱ्या गटातल्या हरणांत नाकाच्या मागच्या वाटेचे एका पातळ हाडाने दोन भाग झालेले असतात, मूस आणि रो डिअरमध्ये तसं नसतं. पण या तिघांतले कुठले दोन आपसांत जास्त जवळचे, यावर सगळे अभ्यास एकमताने बोलत नाहीत. तिन्ही फांद्या थोड्याच काळात एकापाठोपाठ फुटल्या की असं होतं.

मूसचे पूर्वज मात्र जीवाश्मांतून बरेच उलगडतात. युरोपात सुमारे 20 लाख वर्षांपूर्वी गॅलिकस नावाचा एक मूसवर्गीय प्राणी होता. त्याची शिंगं दोन्ही बाजूंना आडव्या लांबलचक दांड्यांसारखी, टोकाला छोटासा तळवा. अशी शिंगं घेऊन दाट झाडीत शिरणं अवघडच, तो मोकळ्या मैदानांतला असावा. पुढच्या पिढ्यांत दांडा आखूड होत गेला आणि तळवा मोठा. मधल्या टप्प्यावर लॅटिफ्रॉन्स आला, आजच्या मूसहूनही थोराड. उत्तर अमेरिकेत याच घराण्यातला स्कॉटी होता, हिमयुगाच्या अखेरीस तो नामशेष झाला. या सगळ्यांना बरेच जण ‘सर्व्हाल्सेस’ या वेगळ्या प्रजातीत ठेवतात, आणि तसं ठेवण्याचं एक कारण नाक. त्यांच्या नाकाची हाडं इतर हरणांसारखी लांब होती. मूसचं ते लोंबतं बोंड अगदी अलीकडचं आहे. आजचा मूस जीवाश्मांत दिसू लागतो तो साधारण एक लाख वर्षांपासून.

अमेरिकेत तर तो आणखी उशिरा गेला. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेल्यामुळे सैबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडलेले होते. त्या वाटेने, अगदी नजीकच्या काळात, पंधरा हजार वर्षांच्या आसपास, मूस पलीकडे पोहोचला. अमेरिकेची ओळख म्हणून मिरवला जाणारा हा प्राणी तिथला नवा पाहुणा आहे.

आता तो राहिलेला वाद. युरोपातल्या मूसच्या पेशींत 68 गुणसूत्रं असतात, अमेरिकेतल्या मूसच्या 70. ऐकताक्षणी वाटतं, मग या दोन जातीच. पूर्व सैबेरियातले मूसही 70 वालेच, म्हणून काही जण सैबेरियातल्या येनिसेई नदीच्या पश्चिमेकडचे एका जातीत आणि पूर्वेकडचे अमेरिकेसकट दुसऱ्या जातीत घालतात. 2005 च्या सस्तन प्राण्यांच्या प्रमाण यादीत तशा दोन जाती दिल्या होत्या: अल्सेस अल्सेस आणि अल्सेस अमेरिकानस. पण दोन गुणसूत्रं टोकाला टोक चिकटून एक झालं की मोजणी बदलते, आतला मजकूर तोच राहू शकतो. दोन पुस्तकं एका बांधणीत शिवावीत तसं. शिवाय जगभरच्या मूसच्या डीएनएमधले फरक फार थोडे आहेत, सगळे अगदी अलीकडच्या एका मुळातून फुटलेले. आययूसीएन, म्हणजे निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, सध्या एकच जात मानते. मला विचाराल तर तेच पटतं. 68 आणि 70 हा आकडा लक्षात राहायला सोपा आहे, म्हणून त्याला नको तितका मान मिळाला.

ही नाती केवळ संग्रहालयातल्या पाटीपुरती नाहीत. पांढऱ्या शेपटीचं हरीण मूसच्याच उपकुळातलं. त्याच्या मेंदूभोवतीच्या आवरणात एक केसासारखा बारीक जंत राहतो. हरणाला त्याचा सहसा काही त्रास नाही, दोघांची फार जुनी जुळणी आहे. जंताची पिल्लं लेंड्यांतून जमिनीवर पडतात, तिथल्या गोगलगायी त्यांना उचलतात. मूस पाला खाताना एखादी बारकी गोगलगाय पानासकट गिळतो. जंताच्या दृष्टीने शरीर ओळखीचं असतं, तेवढं नातं आहेच. पण नेहमीचं घर नसतं. मेंदू आणि मज्जारज्जूत तो भरकटत राहतो. मूस मान एका बाजूला कलती करून गोल गोल फिरू लागतो, मागचे पाय लटपटतात, माणसाची भीती उरत नाही, आणि बहुधा तो मरतो. तोडलेल्या जंगलांतून आणि सौम्य झालेल्या हिवाळ्यांतून पांढऱ्या शेपटीचं हरीण जिथे जिथे उत्तरेला सरकलं, तिथे हा जंतही त्याच्याबरोबर गेला.